दाराआडची स्वारी

कोकणात खडपावर अनवाणी उतरणाऱ्याची आणि कालवाची पहिली ओळख तळपायाला होते. ओहोटी लागलेली असते, कातळ उघडा पडलेला असतो, वर शेवाळ आणि मधूनमधून डबकी. पाऊल जरा दाबून टाकावं तर चर्रकन कापतं. वाकून बघावं तर ज्याने रक्त काढलं तो कातळाचाच एक करडा, ओबडधोबड टवका वाटतो. हा टवका जिवंत असतो, तुमची चाहूल त्याला कधीच लागलेली असते आणि झाल्या प्रकाराबद्दल त्याला यत्किंचितही वाईट वाटलेलं नसतं. तुमच्या आधीपासून तो तिथे आहे आणि तुम्ही लंगडत घरी गेल्यावरही तिथेच असणार आहे.

हे कालव. ओळख मलाच करून द्यावी लागणार, कारण स्वारी स्वतःहून तोंड उघडत नाही.

गोतावळा मोठा आहे. टोपलीत खळखळणाऱ्या तिसऱ्या, काळ्या-हिरव्या अंगाची शिनाणी, गुबगुबीत खुबे ही सगळी दोन शिंपांची मंडळी एकमेकांचे भाऊबंद. पण तिसरी वाळूत पाय खुपसून सरकू शकते. शिनाणं धाग्यांनी खडकाला लटकतं आणि जागा पटली नाही तर धागे सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करतं. कालवाने तो रस्ताच ठेवलेला नाही. लहानपणी एकदा जागा निवडायची, खालची खोलगट शिंप कातळाला कायमची चिकटवायची, पाय होता तो अंगातच जिरवून टाकायचा आणि मग जन्मभर येईल ते पाणी सोसायचं. वरची चपटी शिंप हे दार. कालवं काढायला जाणाऱ्या बायका टोकदार लोखंडी अवजाराने हे दार नेमकं उचकटतात, आतला गर डब्यात घेतात आणि खालची शिंप कातळावर तशीच सोडतात. पुढे कालवाची पोरं त्याच शिंपेवर येऊन बसतात. वडिलोपार्जित जागेचा मोह या घराण्यात अनावर आहे.

ओळख झाली की पाहुणा हमखास विचारतो, "आत मोती असतो का हो?" स्वारीला डोकं असतं तर ते इथेच फिरलं असतं. मोती पिकवणारं घराणं वेगळं, कच्छच्या आणि मन्नारच्या आखातातलं, आणि नात्यानेही फारसं जवळचं नाही. कालवाच्या पोटात क्वचित एखादा खडा सापडतो, पण तो मातकट, निस्तेज; सोनार त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. स्वाती नक्षत्राचा थेंब झेलून मोती करण्याची ख्याती ज्यांची, त्यांना ती लखलाभ. कालवावर स्वातीच्या सरी आल्या तर ते दार लावून घेतं. गोडं पाणी त्याला खपत नाही.

डोकं नाही, डोळे नाहीत, कान तर नाहीतच. तरी बाहेरची खडान्‌खडा बातमी आत असते. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरावर काही शास्त्रज्ञांनी कालवांना निरनिराळ्या पट्टीतले आवाज ऐकवले आणि २०१७ साली निकाल छापला. उंच पट्टीतला आवाज स्वारीच्या गावीही नव्हता. खर्जातला, म्हणजे दहा ते हजार हर्ट्झच्या आतला आवाज लावला की मात्र दार झपकन बंद. जहाजाच्या इंजिनाची घरघर, लाटांचा घुमारा, बंदराच्या बांधकामात ठोकल्या जाणाऱ्या खांबांचे घाव, सगळं याच पट्टीत येतं. पुढे २०१९ मध्ये तिथेच असंही दिसलं की दार किती किलकिलं ठेवायचं हे चंद्राच्या कलेवरही ठरतं. अमावस्येकडे जास्त, पौर्णिमेकडे कमी. डोळ्यांवाचून तिथी कळणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

वेळापत्रकाच्या बाबतीत तर हट्टीपणाची कमाल. फ्रँक ब्राउन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने अटलांटिकच्या काठी असलेल्या न्यू हेवनहून काही कालवं उचलली आणि इलिनॉयमधल्या इव्हान्स्टनला नेली. समुद्र हजारावर किलोमीटर लांब. तिथे त्यांना बंद खोलीत, मिठाच्या पाण्यात ठेवलं. आरंभीचे दिवस कालवं न्यू हेवनच्या भरतीच्या वेळीच दार उघडत राहिली. मग पंधरवडाभरात वेळ सरकली. ब्राउनने गणित मांडलं आणि सांगितलं, की इव्हान्स्टनला समुद्र असता तर भरती ज्या वेळी आली असती, नेमकी ती ही वेळ आहे. १९५४ मध्ये हे छापून आलं तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांनी नाकं मुरडली, आकडेमोडीवर शंका घेतल्या. वाद रंगला. कालवाने कोणालाच खुलासा दिला नाही.

आता त्या दाराविषयी. सबंध स्वभाव त्यात आहे.

दोन शिंपा ओढून धरणारा एकच जाड स्नायू असतो. कालव उघडून नीट बघितलंत तर त्याचे दोन भाग दिसतात, एक अर्धपारदर्शक, एक दुधी. पहिला दार चटकन ओढून घेतो. दुसरा ते तासन्‌तास, वेळ आली तर दिवसच्या दिवस धरून ठेवतो, आणि या धरून ठेवण्याला त्याला शक्ती फारच थोडी लागते. वैशाखातल्या भर दुपारी ओहोटीला कातळ तव्यासारखा तापतो, तेव्हा स्वारी आत घोटभर समुद्र घेऊन बसलेली असते. श्रावणात खाडीला लोंढा येतो, पाणी जवळजवळ गोडं होतं, तेव्हाही तेच. संकट कोणतंही असो, उपाय एक: कडी लावा.

पण कडी लावली की श्वासही बंद. आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग अंग प्राणवायूवाचून गाडा रेटायला लागतं, आणि त्या कारभारात आम्ल साचत जातं. आम्ल साचून मरायचं नसेल तर ते मारायला चुना हवा. चुना कुठे आहे? भिंतीत. कालव स्वतःच्या शिंपेचा आतला थर थोडा थोडा विरघळवतं आणि आम्ल शमवतं. भरती आली, दार उघडलं, पोट भरलं की भिंत पुन्हा लिंपून काढायची. घर खाऊन घर टिकवण्याचा हा हिशेब तिथे लाखो वर्षं बिनबोभाट चालू आहे.

२०१२ मध्ये पॅसिफिक कालवाचा जनुकसंच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा या सोशिकपणाचं भांडवल मोजता आलं. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटू लागली की ती सावरून धरणारी प्रथिनं असतात. त्यांच्या एका प्रमुख घराण्याची जनुकं माणसाकडे सतरा आहेत. कालवाकडे अठ्ठ्याऐंशी. पेशीला आत्मनाशापासून रोखणारी जनुकं माणसाकडे आठ, कालवाकडे अठ्ठेचाळीस. पळता येत नाही त्याने कोठार भरून ठेवावं, हा शहाणपणा त्याने फार आधी केलेला आहे.

खाण्याच्या बाबतीत ते अत्यंत चोखंदळ आहे आणि ही चोखंदळ वृत्ती जगाच्या उपयोगी पडते. कल्ल्यांवरच्या बारीक केसांनी पाणी आत ओढायचं, त्यातलं पसंत पडेल ते तोंडाकडे पाठवायचं आणि नापसंत माल चिकट गोळ्या करून दाराबाहेर टाकायचा. पाणी, तापमान, सगळं मनासारखं असेल तर मोठं कालव दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी गाळू शकतं असं सांगतात. एरवी बरंच कमी. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराबद्दल १९८८ मध्ये एका अभ्यासकाने हिशेब केला होता. १८७० पूर्वी तिथे जितकी कालवं होती ती सगळा उपसागर तीन ते सहा दिवसांत गाळून काढू शकत होती. खरवडून खरवडून उरलेल्यांना तेच काम करायला जवळजवळ वर्ष लागलं असतं. जगभरातले सुमारे पंच्याऐंशी टक्के कालवांचे थर असेच गेले आहेत.

चोखंदळपणे निवडलेलं अन्न पोटात गेलं की पुढची व्यवस्था बघण्यासारखी आहे. कालवाच्या जठराला लागून एक पिशवी असते आणि तिच्यात काचेसारखी आरपार दिसणारी, लवचिक जेलीची एक काडी. पिशवीच्या आतल्या केसांमुळे ही काडी सतत स्वतःभोवती फिरत राहते. तिचं टोक जठराच्या एका टणक भागावर घासतं, झिजतं आणि झिजता झिजता पाचकरस सोडतं. टोक झिजेल तसं मागून नवं बनत जातं. आणि या फिरत्या काडीत लोक राहतात. मळसूत्राच्या आकाराचे, जिवाणूंच्या मानाने भलतेच लांब, क्रिस्टिस्पायरा नावाचे जिवाणू तिच्यात सुळसुळत असतात. त्यांना प्रयोगशाळेत वाढवायला अजून कोणाला जमलेलं नाही. जागा हीच पाहिजे असा त्यांचाही आग्रह. मालकाने दार लावून उपास धरला की काडी विरघळून जाते आणि ही वस्तीही उठते. पुन्हा खाणंपिणं सुरू झालं की काडी नव्याने उभी राहते.

तर कालव एकटं राहतं हा समज सोडून द्या. तो भरलेला वाडा आहे. कल्ल्यांवर वेगळे भाडेकरू, आतड्यात वेगळे, शिंपेच्या बाहेरच्या अंगाला आणखी वेगळे. इतकंच काय, रक्तातही. माणसाच्या रक्तात जिवाणू सापडले तर डॉक्टर धावपळ सुरू करतात. कालवाचं रक्त बिनरंगी असतं, नळ्यांतून बंदिस्त न वाहता सगळ्या अवयवांमधून मोकळं फिरतं, आणि धडधाकट कालवाच्या रक्तातही जिवाणू मजेत राहतात. प्रत्येक वाड्याची वस्ती थोडी निराळी. भोवतालच्या पाण्यात जे जिवाणू तेच जसेच्या तसे आत, असं नसतं. मालक निवडतो.

का निवडतो, तर त्याच्याकडे आपल्यासारख्या प्रतिपिंडांची फौज नाही. शत्रूचा चेहरा लक्षात ठेवून पुढच्या खेपेला नेमका बाण सोडणं त्याला जमत नाही. रक्तात गस्त घालणाऱ्या पेशी आहेत, त्या दिसेल त्याला गिळतात. बाकीचं काम भाडेकरूंवर. यातले स्यूडोअल्टेरोमोनास नावाचे काही जिवाणू परक्या जिवाणूंना मारणारी रसायनं तयार करतात. म्हणजे भाडं रोख नाही, पहाऱ्याच्या रूपात वसूल होतं. याच वाड्यात विब्रिओ कुळातलेही बरेच जण राहतात. एरवी त्यांतल्या बहुतेकांची तक्रार नसते, पण गडबड झाली की सगळ्यात आधी हात धुऊन घेणारे तेच.

आणि गडबड म्हणजे बहुधा उष्णता. उत्तर समुद्राच्या काठावर वाडन सी म्हणून जो उथळ पट्टा आहे, तिथल्या कालवांवर जर्मन संशोधकांनी काम केलं. पाणी एकाएकी तापवलं की रक्तातल्या वस्तीची घडी मोडते आणि दांडगे भाडेकरू डोकं वर काढतात, असं त्यांना दिसलं. समुद्र तापतो तेव्हा कालवाचं स्वतःचं अंग बराच वेळ तग धरतं. आधी बिघडतात ते घरातले संबंध.

लिंगाच्या बाबतीत स्वारी मोकळ्या मनाची आहे. बहुतेक कालवं तारुण्यात नर असतात, पुढे अंगात साठा झाला की मादी होतात आणि वाटलं तर पुन्हा नर. संसार पाण्यातच. नराने आपलं सोडायचं, मादीने लाखो अंडी सोडायची आणि पुढचं समुद्रावर सोपवायचं. बाळंतपण, बारसं, काही नाही.

पण इथेच, आयुष्याच्या पहिल्या दोन दिवसांत, या निगरगट्ट घराण्याचं मर्मस्थान आहे.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात नेटार्ट्‌स बे नावाची खाडी आहे. तिच्या काठावरच्या व्हिस्की क्रीक या केंद्रात कालवाची पिल्लं तयार करतात आणि पश्चिम किनाऱ्यावरचे कितीतरी कालवशेतकरी बियाणं तिथूनच घेतात. २००७ च्या सुमारास तिथली पिल्लं टाक्यांमध्ये मरायला लागली. आधी थोडी, मग टाकीच्या टाकी. साहजिकच संशय गेला विब्रिओवर. नाव खराब, पूर्वीचे गुन्हे नोंदवलेले आणि घटनास्थळी सापडलेला. मोठा खर्च करून पाणी शुद्ध करण्याची यंत्रं बसवली, विब्रिओला हाकलून दिलं. टाकीत एकही गुंड उरला नाही. पिल्लं तरीही मरत राहिली.

मग केंद्रातल्या माणसांनी आणि ओरेगन राज्य विद्यापीठातल्या समुद्रशास्त्रज्ञांनी खुद्द पाण्याची उलटतपासणी केली. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा जोर धरतो, वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. हे पाणी तीसेक ते पन्नास वर्षांपूर्वी पृष्ठभाग सोडून खाली गेलेलं. जाताना त्या काळच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याने पोटात घेतलेला, खाली कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याने त्यात भर घातलेली. असं पाणी टाकीत आलं की पिल्लं जात होती. विब्रिओ मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा निघाला. मूळ गुन्हा पाण्याच्या रसायनाचा होता.

होतं असं. फळलेल्या अंड्यातून निघालेल्या जिवाला अठ्ठेचाळीस तासांच्या आत पहिली शिंप उभारावी लागते. तोंड अजून कामाला लागलेलं नसतं, म्हणून शिदोरी काय ती अंड्यातली. तेवढ्या शिदोरीवर दोन दिवसांत अंगाच्या वजनाचा सुमारे नव्वद टक्के भाग चुन्याचा करून दाखवायचा. त्यातही हा चुना अ‍ॅरागोनाइट जातीचा, मोठ्या कालवाच्या कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळणारा. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की चुना बांधायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि प्रत्येक विटेला जास्त शक्ती मोजावी लागते. पिल्लू आम्लात विरघळून मरतं अशी एक भयकथा सांगितली जाते. तसं नाही. ते घर बांधता बांधता कंगाल होतं आणि उपाशी मरतं.

उपाय निघाला तो धुण्याच्या सोड्याचा. पाण्यात सोडियम कार्बोनेट टाकायचं. शिवाय टाक्या सकाळी भरायच्या नाहीत, दुपारी भरायच्या, कारण तोवर खाडीतल्या समुद्रगवताने उन्हात पाण्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो. पिल्लं जगू लागली. २०१२ मध्ये हे सगळं शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं, आणि समुद्राचं आम्ल वाढणं म्हणजे शंभर वर्षांनंतरची गोष्ट असं म्हणणाऱ्यांना टाकीतली मेलेली पिल्लं दाखवता आली. औद्योगिक युगाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, आता ८.१ च्या आसपास आहे. कागदावर हा फरक दशांशाचा दिसतो. मोजपट्टीच अशी की त्याचा अर्थ आम्लता पाव हिश्श्याहून जास्त वाढली.

तरी विब्रिओला अगदीच निर्दोष सोडता येत नाही. फ्रान्समध्ये २००८ पासून निराळंच प्रकरण सुरू झालं. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी सोळा अंशांच्या वर गेलं की कोवळ्या वयाची कालवं काही दिवसांत ढिगाने मरू लागली. एक विषाणू सापडला, नागिणीच्या विषाणूंच्या कुळातला. मारेकरी पकडला असं वाटलं. पण २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मृत्यूचा क्रम उलगडला. विषाणू आधी रक्तातल्या गस्तीच्या पेशींवर हल्ला करतो. पहारा उठतो. मग विब्रिओ आणि त्यांचे संधिसाधू सोबती रक्तात माजतात आणि शेवटचा घाव त्यांचा असतो. चोर बाहेरून आला, घर लुटलं ते आतल्यांनी.

याच संशोधकांच्या वर्तुळातून २०२२ मध्ये आलेला प्रयोग मला जास्त आवडतो. केंद्रांमध्ये पिल्लं गाळलेल्या, निर्जंतुक केलेल्या पाण्यात वाढवतात. त्यांनी काही पिल्लांना जन्मापासून थोडे दिवस निरोगी मोठ्या कालवांच्या संगतीत ठेवलं, म्हणजे थोरांचे जिवाणू पोरांच्या अंगाखांद्यावर खेळू दिले. पुढे या आणि सोवळ्यात वाढलेल्या, अशा दोन्ही पोरांना तोच रोग दाखवला. सोवळ्यातली जास्त मेली. उष्टं खाऊन वाढलेल्यांना मिळालेलं बळ पुढच्या पिढीतही काही अंशी उतरलेलं दिसलं. कालवाकडे आठवण नाही असं मी वर म्हटलं, ते त्याच्या फौजेपुरतं. घराला आठवण असते.

आईबाप पोटातूनही काही शिकवतात की काय? सिडनीच्या कातळी कालवांवर लॉरा पार्कर, पॉलिन रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. अंडी पिकण्याच्या काळात आईबापांना आम्लट पाण्यात ठेवलं तर पिल्लं त्याच पाण्यात जास्त मोठी आणि लवकर वाढणारी निघाली. २०१२ मध्ये या बातमीने बरेच जण सुखावले. २०१७ मध्ये त्याच मंडळींनी पुढचा पाठ सांगितला. आम्लाच्या जोडीला उष्णता वाढवली, खारटपणा घटवला, खाणं तोडलं, की आम्लाला सरावलेल्या आईबापांचीच पिल्लं मागे पडली. एका शत्रूसाठी केलेली तयारी चौघे एकदम आले की अंगावर उलटते. समुद्र तर चौघांना बरोबरच पाठवतो.

आपल्या किनाऱ्यावर काय? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या पाण्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवून आहे. तिथे पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला, तळाजवळचं पाणी ऑक्सिजनवाचून अक्षरशः गुदमरतं. किनाऱ्यालगतचं कालव लाटांच्या फेसात बसत असल्यामुळे या गुदमरण्यातून बरंचसं वाचतं. पण ऊन, पुराचं गोडं पाणी आणि गटाराचा लोंढा त्याला चुकत नाही. दार लावून बसण्याचा त्याचा जुना उपाय भरती-ओहोटीच्या मापाने बेतलेला आहे, सहा तास, फार तर काही दिवस. महिनाभर टिकणाऱ्या उन्हाच्या लाटेला दार लावून बसलं तर बाहेरचं संकट टळतं आणि आत उपासमार सुरू होते. मोठं कालव अशा वेळी किती तगेल यावर मी पैज लावायला तयार आहे, पोरांवर नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या ताटाशी संबंधित. २००४ च्या उन्हाळ्यात अलास्कात एका पर्यटक जहाजावरच्या लोकांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. कारण प्रिन्स विल्यम साउंडमधली कच्ची कालवं. चौकशीत अशी बासष्ट माणसं आजारी आढळली, आणि आजाराच्या मुळाशी विब्रिओ पॅराहिमोलिटिकस. तोवर अलास्काचं पाणी या जिवाणूला फार थंड आहे असं सगळे धरून चालले होते. त्या वर्षी ते पंधरा अंशांच्या वर गेलं. कालवांना काही झालं नव्हतं. ती ठणठणीत होती. या भाडेकरूचा त्रास मालकाला होत नाही, मालकाला खाणाऱ्याला होतो.

कोकणात कालवं कच्ची खाण्याची रीत नाही. तिथे ती तिखट-आमसुलात नीट शिजतात, आणि या एका बाबतीत आपल्या बायकांनी सगळ्या युरोपला मागे टाकलं आहे असं माझं मत आहे. पण मुंबई-गोव्याच्या बड्या हॉटेलांत हल्ली बर्फावर मांडलेली कालवं अर्ध्या शिंपेत पुढ्यात येतात, बाजूला लिंबाची फोड ठेवलेली असते. खायची की नाही ते तुम्ही ठरवा. लिंबू पिळल्याने विब्रिओ मरत नाही, शिजवल्याने मरतो.